कूलर बंद करणाऱ्या काकू

‘माझी आई ७८ वर्षांची. नागपूरला वृद्धाश्रमात, वरच्या मजल्यावर राहते, मी पुण्यात. कूलर लावला की खोलीतल्या दुसऱ्या काकू “गार लागतं” म्हणून बंद करतात. आई रात्रभर तळमळते. व्यवस्थापक म्हणतात, बाकी कुणाची तक्रार नाही. आईला तिथे ठेवून मी चूक केली का?’
– एक लेक

अगं, चूक-बरोबरचा हिशेब पावसाळ्यात करू. आत्ता मे चालू आहे आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस, यायचाय.

आधी त्या काकूंवरचा राग सोड. वय झालं की अंगाला उकाडा नीट कळत नाही, घाम कमी येतो, तहानही उशिरा लागते. भर उन्हाळ्यात शाल पांघरून बसलेल्या आज्या मी पाहिल्यात. त्यांना खरंच गार वाटतं, पण ऊन त्यांनाही बाधतंच. म्हणून ‘कुणाची तक्रार नाही’ याची मला भीतीच वाटते. तक्रार करणारी तुझी आई कदाचित त्या मजल्यावर सगळ्यात शुद्धीवर असेल!

दोघींचे पलंग बदलून बघितलेत का? काकू झोताबाहेर, आई झोतात. कूलर खिडकीत हवा आणि समोरचं दार उघडं हवं. बंद खोलीत तो नुसती दमट हवा फिरवतो. ताट्या जुन्या असतील तर बदलायला सांग. वरच्या मजल्याचा खरा वैरी स्लॅब. दिवसभर तापतो आणि रात्री सगळी धग खाली सोडतो. गच्चीला चुन्याचा पांढरा हात मारायला फार खर्च येत नाही.

व्यवस्थापकांशी वाद घालू नकोस, आकडे दाखव. खोलीत साधा थर्मामीटर लाव आणि दुपारी तीन व रात्री दहाचं तापमान आईला वहीत लिहू दे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, खोली दिवसा ३२ अंशांच्या आत असावी, रात्री २४ च्या. नागपुरात रात्रीचे २४ म्हणजे चेष्टाच, पण वहीत रात्री दहाला ३६ दिसले तर ते हसण्यावारी नेता येणार नाहीत.

आणि मागणी एकच कर. २००३ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार माणसं दगावली, बहुतेक म्हातारी. त्यानंतर तिथल्या वृद्धाश्रमांना निदान एक गार खोली ठेवणं बंधनकारक झालं. प्रत्येक खोलीत एसी नव्हे हं, सगळ्यांसाठी एक खोली. आईच्या आश्रमातही जेवणाच्या हॉलला एसी बसला, तर दुपारी बारा ते पाच सगळ्यांना तिथे बसता येईल. काकू शालीसकट येतील, येऊ देत.

आईला लघवीची किंवा रक्तदाबाची गोळी असेल तर उन्हाळ्यात डोस तोच ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचार. मनाने बंद करू नका. कुणी बरळायला लागलं, अंग चटके बसावेत तसं तापलं, तर १०८ ला फोन, अंगावर ओली फडकी आणि वारा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. हे तिथल्या रात्रपाळीच्या मावशींना तू स्वतः सांग.

एसीसाठी वर्गणी काढावी लागेल. बाकी नातेवाइकांचे नंबर ऑफिसातून मिळणार नाहीत. आईला विचार, तिच्याकडे सगळ्यांचे असतील.