मणक्याचा एमआरआय वाचताना

रत्नागिरीत आता आंब्याचा हंगाम, कंबर धरून येणारे गडी रोज दिसतील. मणक्याच्या कडा उजळलेल्या दिसल्या की लगेच ‘टीबी’ लिहून मोकळा होऊ नकोस. आधी दोन मणक्यांमधली चकती बघ. टी-टूवर, म्हणजे पाणी पांढरं दाखवणाऱ्या एमआरआयच्या चित्रांवर, ती काळीच आणि कडा शाबूत, तर बहुधा झीज. चकती पांढरी, कडा कुरतडलेल्या, तर जंतुसंसर्ग. चकती सोडून पेडिकल, म्हणजे मणक्याच्या मागच्या बाजूचा हाडाचा खांब, खाल्लं असेल तर कॅन्सर आठव. पण टीबीही चकतीला उशिरा हात लावतो, इथेच भलेभले फसतात. मग काँट्रास्ट, म्हणजे शिरेतून द्यायचं चित्र उजळवणारं औषध, दे. गळवाची भिंत पातळ, गुळगुळीत आणि पू मणके बांधणाऱ्या लिगामेंटच्या पट्ट्याखालून दोन-तीन मणके उतरलेला, तर टीबीकडे झुक. गळवातलं कॅल्शियम मात्र सीटीवरच नीट दिसतं. आणि रुग्ण स्थिर असेल तर बायोप्सीआधी अँटिबायोटिक नको, हे वॉर्डात स्वतः फोन करून सांग. रिपोर्टची शेवटची ओळ कोण वाचतो!