कथाप्रधान आरपीजी गेममधली (म्हणजे ज्यात आपण एका पात्राची भूमिका घेऊन गोष्ट पुढे नेतो) तुम्हाला सर्वांत जबरदस्त वाटलेली कलाटणी कोणती, आणि का?

आधीच सांगतो, पुढे चार-पाच गेमची गुपितं फुटणार आहेत. 'कोटॉर', 'फायनल फँटसी' सात आणि दहा, 'निअर' यांपैकी काही खेळायचं मनात असेल तर इथूनच मागे फिरा.

माझं उत्तर: 'स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक', म्हणजेच कोटॉर. बायोवेअर कंपनीचा, २००३.

मी तो खेळलो २००६च्या मे महिन्यात, आत्याकडे. आत्तेभावाच्या कॉम्प्युटरवर, चार सीड्या आलटून पालटून घालत. भारनियमनाचे दिवस होते, वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी सेव्ह करायची सवय लागली होती. दादानं गेम आधीच संपवलेला. तो मागे कॉटवर लोळत बघत बसायचा आणि मध्येच कशालाही हसायचा. तो का हसतोय ते मला जवळजवळ तीन आठवडे कळलं नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. काळ 'स्टार वॉर्स' चित्रपटांच्या सुमारे चार हजार वर्षं आधीचा. रेव्हन नावाचा एक जेडाय, म्हणजे प्रजासत्ताकाची राखण करणाऱ्या पंथातला, योद्धा मँडलोरियन लोकांविरुद्धचं युद्ध जिंकून देतो, मित्र मलाकला घेऊन अज्ञात अवकाशात निघून जातो आणि परततो तो प्रजासत्ताकावरच चालून येतो, सिथ होऊन, म्हणजे जेडायांच्या वैरी पंथात जाऊन. पुढे मलाक त्याचा काटा काढतो आणि स्वतः गादीवर बसतो. गेम सुरू होतो तेव्हा रेव्हन ही जुनी गोष्ट झालेली असते. आपला शत्रू मलाक. आणि आपण? प्रजासत्ताकाच्या एका जहाजावरचे साधे शिपाईगडी. नाव आपणच ठेवलेलं, चेहरा आपणच निवडलेला, बाईमाणूस की बाप्या तेही आपणच ठरवलेलं.

अर्धा-पाऊण गेम झाल्यावर लेव्हायथन नावाच्या जहाजावर मलाक समोर येतो आणि सांगतो, रेव्हन मेलेला नाही, तूच रेव्हन आहेस. मग त्या मुखवट्याच्या माणसाचं दृश्य येतं, जे आपण स्वप्नांत तुकड्यातुकड्यांनी पाहिलेलं असतं. मुखवटा उतरतो. आत आपणच पहिल्या दिवशी यादीतून निवडलेला चेहरा.

मी खुर्चीतून मागे वळलो. दादा काही बोलला नाही, फक्त बोटानं दाखवलं, पुढे बघ.

खुलासा असा की मलाकनं रेव्हनच्या जहाजावर तोफा डागल्या तेव्हा बॅस्टिला ही जेडाय मुलगी त्याच जहाजावर होती. तिनं मरायला टेकलेल्या रेव्हनला जगवलं. जेडाय मंडळानं त्याला नवी ओळख चढवली, कारण शत्रूच्या ताकदीचं मूळ, तो स्टार फोर्ज, कुठे आहे हे त्याच्याच मनाच्या तळाशी पडलेलं होतं.

आता 'का' हा भाग. स्मृती गेलेला नायक ही तशी घासून गुळगुळीत झालेली युक्ती. आपल्या हिंदी सिनेमांत डोक्यावर एक फटका बसला की स्मृती जाते, दुसरा बसला की परत येते. पण तिथं माणूस सगळं विसरलाय हे आपल्याला सुरुवातीलाच सांगतात, त्यामुळे तो कोण असेल याचा अंदाज बांधत आपण सावध बसतो. कोटॉरमध्ये आपण काही विसरलो आहोत असं कुणी म्हणतच नाही. आरपीजीचा नायक कोरी पाटी असतो, त्याचे आईवडील, गाव, लहानपण यातलं काही नसतं, आणि ही खेळाची सोय आहे म्हणून आपण कधी विचारत नाही. मुख्य लेखक ड्रू कार्पिशिन आणि त्याच्या चमूनं गुपित नेमकं त्या सोयीच्या मागे लपवलं. हे पुस्तकात किंवा पडद्यावर जमलं नसतं. तिथं नायकाला भूतकाळ नसेल तर वाचकाला ते पानागणिक खटकत राहतं.

आणि सगळं डोळ्यांसमोर मांडून ठेवलेलं असतं. आपला सोबती कार्थ सुरुवातीलाच म्हणतो, तुला शेवटच्या क्षणी जहाजावर घेतलं, तेही बॅस्टिलाच्या माणसांच्या सांगण्यावरून, हे जरा विचित्रच. मला वाटलं, संशयी आहे बिचारा, फसवणूक झालेला माणूस. जेडाय लोक लहानपणापासून पोरं घडवतात. आपल्याला मात्र थोराड वयात, घाईघाईनं शिकवतात. व्रूक नावाचा तिरसट गुरू तर तुमच्यासमोरच शंका काढतो की याला शिकवलं आणि तो सिथ परत आला तर? मला तो खवट सासऱ्यासारखा वाटला होता, बस.

पण माझा सगळ्यांत लाडका धागा म्हणजे एचके-४७. टॅटूइन ग्रहावरच्या दुकानात हा मारेकरी यंत्रमानव विकायला असतो. माणसांना तो मांसाच्या पिशव्या म्हणतो, खून करायला मिळाला नाही की कंटाळतो. मी दुकानदाराशी घासाघीस करत होतो आणि मागून दादा म्हणाला, "घे रे, घे. तुझाच आहे तो." मला वाटलं, म्हणजे घेऊन टाक, असं म्हणतोय. लेव्हायथननंतर एचकेची स्मृती जागी होते आणि कळतं की तो रेव्हननंच बनवलेला आहे. मी माझाच नोकर पैसे मोजून परत विकत घेतला होता.

हे पचल्यावर मला पहिला आठवला कर्ण. तो कुंतीचा मुलगा आहे हे कीर्तनाला बसलेल्या लहान पोरालाही ठाऊक असतं, फक्त कर्णाला नसतं. उद्योगपर्वात कृष्ण त्याला युद्धाच्या तोंडावर गाठून सांगतो, तू कोण आहेस ते. कर्ण ऐकून घेतो आणि तरी दुर्योधनाचीच बाजू धरतो. रेव्हनचा पेच अगदी तोच, फक्त इथं उत्तर आपल्याला द्यायचं असतं. लेहॉन ग्रहावरच्या मंदिराच्या माथ्यावर मलाकला फितलेली बॅस्टिला उभी असते आणि म्हणते, चल, तुझं राज्य परत घेऊ. मी पहिल्या खेपेला 'नाही' म्हटलं. दुसऱ्या खेपेला 'हो' म्हटलं, आणि माझा सोबती झालबार जीव वाचवल्याबद्दल माझा ऋणी होता, त्या जीवऋणाचा वापर करून त्याच्याच हातून मिशन नावाची त्याची जिवलग मैत्रीण मारवली. त्यानंतर त्या वाटेला मी पुन्हा गेलो नाही. खेळ आहे, हे माहीत असूनही.

आता इतरांबद्दल, कारण खाली कुणीतरी 'एरिथ' म्हणणारच.

'फायनल फँटसी सात'मध्ये (१९९७) पहिल्या डिस्कच्या शेवटी खलनायक सेफिरॉथ नायकाच्या सोबतच्या एरिथला मारतो. रडू येतं, मलाही आलं. पण माझ्या लेखी तो धक्का आहे, कलाटणी नव्हे. तिच्या मरणानं मागच्या प्रसंगांचा अर्थ बदलत नाही. त्या गेमची खरी कलाटणी नायक क्लाउडची आहे. काम गावातल्या खोलीत तो सगळ्यांना निबेलहाइम या आपल्या गावची हकिकत सांगतो, आपण सोल्जर दलातले पहिल्या श्रेणीचे योद्धे होतो म्हणून, आणि त्याची गाववाली टिफा, जी तेव्हा निबेलहाइमला हजर होती, नुसती गप्प असते. ती हकिकत आपण स्वतः बटणं दाबून खेळलेली असते, म्हणून ती खोटी असेल हे मनातच येत नाही. नंतर कळतं, तो योद्धा झॅक नावाचा दुसराच कुणी होता. क्लाउड होता शिन्रा कंपनीचा साधा शिपाई. टिफाची ती शांतता दुसऱ्यांदा खेळताना ऐकू येते.

'फायनल फँटसी दहा'ची (२००१) तऱ्हा उलट. कर्णाचं गुपित निदान ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. इथं गोष्टीतल्या सगळ्या जगाला माहीत असतं, फक्त नायक टिडस आणि आपण अडाणी. युना देवळामागून देऊळ करत यात्रा करते, प्रत्येक ठिकाणी नवा एऑन, म्हणजे लढाईत बोलावता येणारा अद्भुत जीव, मिळतो, आपण खूश. टिडस बडबडतो, सिन या महाराक्षसाला हरवलं की इथं जाऊ, तिथं जाऊ, आणि बाकीचे एकमेकांकडे बघून गप्प होतात. मग वाळवंटात, अल बेड लोकांच्या वस्तीत समजतं की शेवटचा एऑन बोलावणारी युना त्यातच मरणार आहे. म्हणजे जे देऊळ मी जिंकलं म्हणून नाचलो, तिथं मी तिला एक पाऊल पुढे ढकलत होतो.

'निअर' (२०१०) याहून निर्दयी. एकदा संपवून पुन्हा सुरू केला की उत्तरार्धापासून सुरू होतो, तेच राक्षस, त्याच मारामाऱ्या. फक्त आता ते राक्षस काय बोलत होते ते समजतं. भंगाराच्या खाणीत ज्या यंत्राला आपण शौर्यानं फोडलं, त्याची एका छोट्या शेडशी (हे राक्षस म्हणजेच शेड) मैत्री झालेली असते आणि दोघांना बाहेरचं जग बघायचं असतं. तलवार तीच, हात तोच. 'अंडरटेल'नं (२०१५) तर आपण जन्मभर गोळा करत आलेल्या ईएक्सपीचाच, म्हणजे शत्रूंना मारून मिळणाऱ्या गुणांचाच, अर्थ शेवटी फिरवून टाकला. तो इथं सांगत नाही, गेम छोटा आहे, स्वतः खेळा.

वाईट उदाहरण हवं तर 'फायनल फँटसी नऊ'. गेम माझा अतिशय आवडता, पण अगदी शेवटी नेक्रॉन नावाचा कुणी उपटतो, ज्याचा आधी मागमूस नाही. पंगतीत ताक वाढून झाल्यावर कुणी मसालेभात घेऊन यावा तसं.

कोटॉर आता फोनवर आणि टॅबवरही चालतो. माझी भाची सध्या खेळतेय, मी काही सांगायचं नाही अशी तिची ताकीद आहे. परवा रात्री ती टॅटूइनवरच्या त्या दुकानात पोचली आणि टॅबवरून मान वर न करता म्हणाली, "मामा, हा रोबो महाग आहे. घेऊ का?"

मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेलो.