वजनाची रेघ कधी वळली?

मुलांच्या वजनाबद्दल नाशिक शहरातून आणि तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. पत्रं संक्षिप्त केली आहेत, नावं गाळली आहेत. उत्तरं बालरोगतज्ज्ञ आणि समुपदेशक यांनी मिळून दिली आहेत.

मुलगा १० वर्षांचा. उंची १३८ सेंमी, वजन ४६ किलो. दीड वर्षात ९ किलो वाढलं. यांचं अंबडचं वर्कशॉप दीड वर्षापूर्वी बंद पडलं, आता मिळेल ते काम करतात. घरात रोज वाद. मी दुपारी २ ते रात्री १० पाळीला असते. खाऊचे डबे कुलपात ठेवते, तरी गादीखाली बिस्किटांचे पुडे सापडतात. थायरॉइड तपासू का? — एक आई, सिडको

‘दीड वर्ष’ हे शब्द तुमच्याच पत्रात दोनदा आलेत, आणि धागा तिथेच आहे. वजन किती, यापेक्षा ते कधीपासून वळलं हे आधी बघावं. लसीकरणाचं कार्ड, शाळेच्या आरोग्य तपासणीचा कागद, डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या असं जे सापडेल त्यावरून तारखेनिशी उंची आणि वजन एका कागदावर लिहा. बाजूच्या रकान्यात त्या काळात घरात काय घडलं ते लिहा. डॉक्टरांकडे जाताना हा कागद न्या, दहा तपासण्यांइतका तो बोलतो.

आता थायरॉइड. नुसत्या जास्त खाण्याने वजन वाढलेलं मूल बहुधा वयाच्या मानाने उंचही असतं. थायरॉइड किंवा दुसऱ्या हॉर्मोनचा दोष असेल तर वजन वाढतं आणि उंची अडते. या वयात वर्षाला ५ ते ६ सेंमी उंची वाढायला हवी. ४ च्या खाली असेल तर तपासणी जरूर करा. उंची घरी मोजायची तर बूट काढून टाचा, कुल्ले, खांदे भिंतीला टेकवा, नजर समोर ठेवा आणि डोक्यावर जाड पुस्तक काटकोनात धरून खूण करा. मऊ टेपने हवेत मोजलेली उंची दोन-तीन सेंमीने सहज चुकते. उंची ठीक वाढत असेल तरी डॉक्टरांना रक्तदाब मोजायला सांगा, आणि मान-काखेतली कातडी काळवंडून जाड झाली आहे का, तो झोपेत घोरतो का, हे स्वतःहून सांगा. काळवंडलेली मान घासून निघत नाही. ती शरीरात इन्सुलिन वाढल्याची खूण असते.

त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, २४.२ येतो (४६ भागिले १.३८ चा वर्ग). जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १० वर्षांच्या मुलाला २१.४ च्या वर लठ्ठ म्हणतात. मोठ्यांचा नियम (२५ च्या वर जादा वजन, ३० च्या वर लठ्ठ) मुलांना लावायचा नाही, प्रत्येक वयाची रेघ वेगळी असते.

ताण आला की कॉर्टिसॉल हे हॉर्मोन वाढतं, पोटाभोवती चरबी साठते, गोड-तेलकट खावंसं वाटतं, हे खरं. पण हल्ली सगळा दोष कॉर्टिसॉलवरच ढकलतात, आणि ते तितकं बरोबर नाही. ताणाचा मोठा रस्ता घराच्या वेळापत्रकातून जातो. शाळेतून मूल येतं तेव्हा घर रिकामं असतं आणि हातात वीस रुपये असतात. आई साडेदहाला येईपर्यंत ते जागतं, झोपायला साडेअकरा वाजतात. एकट्याला खेळायला खाली सोडत नाहीत. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. ती तुटली की भुकेची हॉर्मोन्स बिघडतात आणि दुसऱ्या दिवशी हात आपोआप पाकिटाकडे जातो. रोज वेफरचं एक छोटं पाकीट जास्त आणि अर्धा तास खेळ कमी, एवढ्यावरही दीड वर्षात असा फरक पडू शकतो.

कुलूप मात्र आजच काढा. ज्या पदार्थाला कुलूप लागतं तोच मुलाच्या डोक्यात घर करतो, मग पोट भरलेलं असतानाही तो खातो, आणि लपून खाताना घाईघाईने जास्त खातो. शिवाय घरात पैशांची ओढाताण आहे हे मुलाला कळतं. उद्या मिळेल की नाही या धास्तीनेही मुलं साठवून ठेवतात, तेव्हा याला चोरी म्हणू नका. नको असलेली वस्तू घरात आणूच नका. घरात जे आहे ते उघडं राहू द्या.

खाण्याच्या वेळा ठरवा: सकाळी साडेसात, शाळेतला डबा, शाळेतून आल्यावर, रात्री आठ. काय आणि केव्हा वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. सगळ्यात महत्त्वाची वेळ म्हणजे शाळेतून आल्याची. पाळीला निघण्यापूर्वी झाकून ठेवा: वाटीभर उकडलेली मोडाची मटकी (कांदा, लिंबू घालून), एक केळं, ग्लासभर ताक. मटकी नाशिकच्या घरात असतेच, फक्त तर्री आणि शेव रविवारपुरती ठेवा. रात्रीचं जेवण वडिलांनी त्याच्यासोबत बसून घ्यावं. हे ते करतील का, असं तुम्हाला वाटेल. पण काम सुटलेल्या माणसाला घरात एक नेमकी जबाबदारी मिळाली तर तिचा त्यालाही आधार होतो. त्या अर्ध्या तासात पैशांचा विषय आणि टीव्ही दोन्ही बंद. साडेनऊला मुलगा अंथरुणात हवा. आईची भेट सकाळी होईल.

मुलाला दोन वाक्यांत खरं सांगा: “बाबांचं काम गेलंय, ते दुसरं शोधतायत. तुझ्यामुळे काही झालेलं नाही.” दहा वर्षांचं मूल दुसरं वाक्य ऐकायला आसुसलेलं असतं.

डाएट नको. वजन नुसतं ४६ वर रोखलं आणि दोन वर्षांत उंची १४९ झाली, तर बीएमआय २०.७ होतो, आणि १२ व्या वर्षी लठ्ठपणाची रेघ २३.६ ला असते. काटा जागेवर राहूनही मुलगा त्या रेघेखाली येतो. वजन महिन्यातून एकदाच करा, आणि ‘ढोल्या’ हा शब्द घरातून हद्दपार करा. चिडवण्याने वजन उतरत नाही, उलट वाढतं. वादात मारहाण होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

माझ्या अंगणवाडीतली अडीच वर्षांची मुलगी, दंडाचा घेर ११.९ सेंमी. टीएचआर (घरी न्यायचा पोषण आहार) नियमित देते, तीन महिन्यांत वजन हललं नाही. आई-बाप ऑक्टोबर छाटणीपासून दिंडोरी-निफाडला द्राक्षबागेत. मुलगी आजी आणि आठ वर्षांच्या बहिणीजवळ. बाप आला की पिऊन आरडाओरडा. — सेविका, पेठ तालुका

११.५ ते १२.५ म्हणजे मॅम (मध्यम तीव्र कुपोषण), हे तुम्ही जाणताच. मोजमाप एकदा पुन्हा तपासा: डावा हात सैल लोंबता, खांद्याचं टोक आणि कोपर यांचा बरोबर मध्य, टेप टेकलेली पण कातडी न दाबणारी. दोन्ही पायांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून खळगा राहतो का बघा. खळगा राहिला, घेर ११.५ च्या खाली गेला, वजन उतरलं किंवा मुलगी खायलाच नाही म्हणाली, तर पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवा, थांबू नका. घरात कोणाला दोन आठवड्यांवर खोकला आहे का, हेही विचारा. टीएचआर देऊनही वजन न वाढणाऱ्या मुलांत क्षयरोग निसटून जातो.

पाकीट पोचलं म्हणजे पोटात गेलं असं नाही. टीएचआर घरातले सगळेच खातात, आणि भुकेल्या घरात ते साहजिकच आहे, आजीवर रागावू नका. प्रश्न हा की अडीच वर्षांच्या मुलीला दिवसातून पाच वेळा कोण भरवतं? तिचं पोट लहान. मोठ्यांबरोबर दोन वेळा भरपूर खाल्लं तरी दिवसाची हजारेक कॅलरी भरत नाही. आठ वर्षांची बहीण कडेवर घेऊन फिरेल, पण तासभर बसून भरवणार नाही. तीही मूलच आहे.

आजीला तीनच गोष्टी सांगा. नागलीच्या पेजेत किंवा भात-वरणात दर वेळी एक चमचा तेल (५ मिली, ४५ कॅलरी). दिवसातून दोनदा मोठा चमचाभर शेंगदाण्याचा बारीक कूट. मुलीची वाटी वेगळी, म्हणजे किती गेलं ते दिसतं. सकाळची एक वेळ अंगणवाडीत तुमच्यासमोर होऊ द्या.

आरडाओरड्याबद्दल तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण ते सगळ्यात महत्त्वाचं असू शकतं. महायुद्धानंतर जर्मनीतल्या दोन अनाथाश्रमांत एल्सी विडोसन या आहारशास्त्रज्ञ मुलांची वजनं मोजत होत्या. एका आश्रमाला जादा पाव, जाम आणि संत्र्याचा रस मिळू लागला, तरी तिथलीच मुलं वजनात मागे पडली. योगायोगाने त्याच वेळी तिथे एक कडक मुख्य बाई बदलून आल्या होत्या, आणि मुलांना फैलावर घ्यायला त्यांना जेवणाचीच वेळ सापडायची. त्यांची लाडकी मोजकी मुलं मात्र चांगली वाढली. हे १९५१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे १९६७ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी दाखवलं की अशा ताणाच्या घरातल्या काही मुलांचं वाढीचं हॉर्मोन दबतं आणि तिथून हलवल्यावर पूर्ववत होतं. म्हणून बाप घरी असेल त्या रात्री मुलीला आधी, दिवेलागणीला, शेजारच्या ओट्यावर भरवून घ्या. उपाय साधा आहे, पण करण्याजोगा आहे.

आईने मुलीला बागेवर नेलं तर पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या अ‍ॅपमध्ये स्थलांतराची नोंद करा आणि तिथल्या सेविकेला फोन करा. नुसत्या नोंदीने मूल सापडत नाही.

ऑनलाइन प्रश्नावलीत माझ्या मुलाचे ‘एसीई’ (बालपणीचे वाईट अनुभव) गुण ४ आले. तो लठ्ठ होणारच का? — गंगापूर रोड

नाही. ही कल्पनाच मुळात वजनाच्या दवाखान्यातून आली. १९८० च्या दशकात सॅन दिएगोत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांच्या लक्षात आलं की वजन छान उतरत असलेले लोकच उपचार सोडून जातात. विचारपूस केली तेव्हा अनेकांच्या बालपणी अत्याचार निघाले. १९९८ मध्ये त्यांनी आणि रॉबर्ट अँडा यांनी मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे त्यात १७,००० हून अधिक लोक होते. पण ती सगळी प्रौढ माणसं, आठवून सांगणारी. गुणांवरून हजारो माणसांच्या समूहाबद्दल बोलता येतं, एका मुलाचं भविष्य सांगता येत नाही. वजनाशी संबंध आहे, पण माफक, आणि तो बहुधा लहानपणी दिसत नाही, किशोरवयात किंवा पुढे दिसतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवलं की आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या बाळांपेक्षा खूप हलकी, तरी चरबी मात्र जवळजवळ तेवढीच राखून जन्मतात. आईची उपासमार मुलाच्या अंगात अशी उतरते. म्हणून आपल्या मुलांत किलोपेक्षा कंबर बघा. ती उंचीच्या निम्म्याहून कमी असावी.

आठवीतली एक विद्यार्थिनी सहा महिन्यांत बरीच जाड झाली. सैल कपडे घालते, खेळाच्या तासाला बसून राहते, घरी जायला टाळाटाळ करते. पालक म्हणतात, वयात येतेय. — शिक्षिका, नाशिकरोड

पालकांचं म्हणणं खरंही असेल. वाढीच्या ऐन काळात मुलीचं वजन वर्षाला ८ किलोपर्यंत वाढू शकतं. पण वजन, सैल कपडे आणि घराची टाळाटाळ हे तिन्ही एकत्र आलं की वयाचं कारण पुरत नाही. लैंगिक अत्याचार सोसलेल्या काही मुली नकळत शरीर ‘झाकून’ घेतात, खाणं हा त्यांचा एकच आधार उरतो. पोट वाढत असेल तर गरोदरपणाची शक्यताही डॉक्टरांनी तपासावी लागते.

तिला एकटीला, शांत जागी, वजनाचा विषय न काढता म्हणा: “तू हल्ली गप्प असतेस. घरी ठीक आहे ना?” मग थांबा. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. काही बोलली तर तिचेच शब्द तारखेनिशी लिहा, खोदून विचारू नका. ती उलटतपासणी तुमची नाही. अत्याचाराची शंका आली तरी पोक्सो कायद्यानुसार (२०१२) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हाच गुन्हा. शाळेचं नाव खराब होईल म्हणून मुख्याध्यापकांनी थांबवलं तरी तुमची जबाबदारी संपत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथून पुढचं मार्गदर्शन मिळतं.

नात सहा वर्षांची, २७ किलो. माझा मुलगा गेल्या वर्षी गेला, सून कामाला जाते. बापाविना लेकरू, पेढा मागितला तर नाही कसं म्हणू? — आजी, पंचवटी

नाही म्हणू नका, आजी. पेढा ठरवून द्या: शनिवारी एक, तुमच्या शेजारी बसून. रडली की पेढा, हे मात्र नको. ती रडते तेव्हा तिला भूक नसते, बाबांची आठवण येत असते. तेव्हा जवळ घ्या, बाबांचा फोटो काढा, त्यांच्या गोष्टी सांगा. तुमचेही डोळे भरतील, भरू द्या. संध्याकाळी तिला तासभर घाटावर पायी घेऊन जा, येताना रिक्षा नको.

आणि सूनबाईंना सांगा: वडील गेलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा. वडिलांच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाइड, आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुक यांच्या दोन-दोन प्रती सोबत ठेवा.