समीक्षेसाठी पुस्तक स्वीकारताना

बेळगाव परिसरात कडोली, उचगाव, कुद्रेमनी अशा गावांतही साहित्य संमेलने भरतात, त्यामुळे समीक्षक म्हणून तुमचे नाव थोडे झाले की पुस्तके मागावी लागत नाहीत, ती हातात ठेवली जातात. प्रत घेणे म्हणजे लिहिण्याचे वचन नव्हे, हे त्याच वेळी नम्रपणे सांगावे. लेखकाकडून मानधन घेऊ नये. नियतकालिकाने दिले तर अवश्य घ्यावे (सहसा देत नाहीत).

निवडीसाठी प्रस्तावना आणि मलपृष्ठ बाजूला ठेवून मधली वीसेक पाने वाचा, कारण सुरुवातीच्या पानांवर पुष्कळ हात फिरलेला असतो आणि लेखकाचा खरा दम मध्यावर कळतो. ज्या विषयात आपले वाचन नाही, ते पुस्तक परत करावे.

सर्वांत अवघड असते सीमाप्रश्नावरील पुस्तक. विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून लेखन आपोआप चांगले ठरत नाही. 1956 ची राज्यपुनर्रचना आणि 1967 चा महाजन अहवाल यांविषयीची विधाने मूळ कागदपत्रांशी ताडून पाहिल्याखेरीज मत देऊ नका, आणि लेखक ओळखीचा असेल तर ती ओळख लेखातच नमूद करा. कथा-कादंबरीत मात्र इथल्या बोलीचे कन्नड वळण दोष समजू नये. ते पात्राच्या तोंडी शोभते का, एवढेच पाहावे.

उतारे देण्यास 1957 च्या प्रताधिकार कायद्यातील कलम 52 समीक्षेसाठी मुभा देते, पण उतारा मुद्द्यापुरताच घ्यावा आणि पृष्ठक्रमांक द्यावा.