ईद तुझी रविवारी, अम्मीची सोमवारी

मावशी, सलाम.

मी परभणीची. गेल्या ऑक्टोबरपासून जर्मनीत माग्देबुर्गला एम. एस. करते. घराबाहेरची ही माझी पहिली रमजान ईद. इथं ती ३० मार्च २०२५ला, रविवारी झाली, घरी सोमवारी. आमच्या फ्लॅटवर दहा-बारा जण जमले होते. माझी तुर्की रूममेट, दोन सीरियन, एक बांगलादेशी, शिवाय लातूरची माझी मैत्रीण. त्याच दिवशी पाडवा होता म्हणून तिनं फरशी पुसायच्या मॉपच्या दांड्याला माझी ओढणी बांधून बाल्कनीत गुढी उभारली. मी बिर्याणी आणि शिरखुर्मा केला. खूप हसलो. दुपारी दोनला, रोजच्या वेळेला, घरी व्हिडिओ कॉल लावला आणि ताट दाखवलं. अम्मी म्हणाली, "खाव बेटा, हमारा तो रोजा है अभी," आणि फोन ठेवला. घरच्या ईदला फोन केला तर जेमतेम दोन मिनिटं बोलली. मागून फुप्पीचा आवाज आला, पोरगी बदलली. मी घाबरून सांगून टाकलं की मला काही गोड लागलं नाही, रात्रभर रडत होते. ते खोटं होतं. खरं म्हणजे त्या दिवशी फोन ठेवल्यावर संध्याकाळपर्यंत मला घराची आठवणसुद्धा आली नाही. आता बकरी ईदला सगळे पुन्हा जमायचं म्हणतात. नको म्हणू का?

ता. क. शिरखुर्मा गार झाल्यावर चमचा उभा राहील एवढा घट्ट झाला. काय चुकलं असेल?

— परभणीची लेक


लेकरा,

आधी घड्याळाचं बघू. "रोजच्या वेळेला" असं तू लिहिलंस तिथंच मी थांबले आणि कागद-पेन घेतलं. रमजानभर तुझ्याकडं दोन वाजायचे तेव्हा परभणीत साडेसहा झालेले असायचे. दस्तरखान अंथरलेलं, खजूर हातात, अजान होतेय किंवा नुकती झालीय. ३० मार्चच्या पहाटे युरोपातली घड्याळं एक तास पुढं गेली. दरवर्षी मार्चच्या शेवटच्या रविवारी ती जातात. मोबाइलनं वेळ आपली आपण बदलून घेतली आणि तुला पत्ता लागला नाही. तुझे दोन झाले तेव्हा अम्मीचे साडेपाचच झाले होते. मार्चअखेरचं परभणीचं ऊन, एकोणतिसावा रोजा, सुटायला तास बाकी, बहुतेक कढईपुढं भजी तळत उभी असणार, आणि समोर लेकीचं बिर्याणीचं ताट! माझ्या तोंडून तर याहून वाईट काही निघालं असतं.

हे तिला समजावून सांग. हसेल.

दिवसाचंही तसंच. तुर्कांची ईदची तारीख गणितानं आधीच ठरलेली असते. आपल्याकडं एकोणतिसाव्या संध्याकाळी चांद बघायला गच्चीवर माना वर करून उभं राहायचं आणि तो दिसल्याचं जाहीर करणाऱ्या हिलाल कमिटीचा निरोप येईपर्यंत दूध आटवायला ठेवायचं का नाही, यावर घरात वाद घालायचा. तुमच्याकडं रोजे १ मार्चला लागले, घरी २ मार्चला. दोन्हीकडं एकोणतीसच झाले. तू काही अम्मीच्या आधी पळून ईद उरकली नाहीस.

पण ती रुसली ती काही एका तासावरून नाही, हे तुलाही कळतंय, म्हणून तर पत्र लिहिलंस. माझी गोष्ट सांगते. माझा मुलगा नोकरीसाठी कॅनडाला गेला, त्या वर्षीची दिवाळी. त्यानं फोटो पाठवला. सात-आठ पोरं, कागदी ताटल्यांत फराळ, सगळे दात काढून हसताहेत. मी तो फोटो मोठा करकरून पाहिला. गाल बसलेत का, डोळ्यांखाली काळं आलंय का. कुठं काही नव्हतं. पोरगं चांगलं टवटवीत होतं, आणि मला त्याचंच वाईट वाटलं. रात्री नवऱ्याला म्हणाले, बघा, आपल्यावाचून काही अडलं नाही त्याचं. दोन दिवस त्याच्याशी तुटक बोलले. लेकरू सुखात राहू दे म्हणून रोज देवापुढं हात जोडायचे आणि ते सुखात दिसलं की फुगून बसायचं. लिहितानाही लाज वाटते, पण आम्ही आया अशाच. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला, "आई, अनारशाचे तांदूळ भिजवलेत, वास येतोय. आंबलेत का सडलेत?" झालं. माझा राग तिथंच संपला. तासभर मी त्याला वास कसा असावा ते सांगत होते. वास फोनवरून कसा कळणार, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही.

म्हणून तुझ्या ताटापेक्षा मला तुझ्या रडण्याची काळजी आहे. जे तू रडलीच नाहीस, त्या रडण्याची. फुप्पीचं तोंड बंद करायला तू जे बोललीस, ते अम्मीनं खरं धरलंय. आता ती रात्री अब्बूंना म्हणत असेल, पोरगी तिकडं एकटी रडते. आणि एकदा रडले म्हणून सांगितलं की पुढच्या प्रत्येक सणाला रडावं लागतं. त्यात तुझी दोन वर्षं जातील. तेव्हा हे खोटं लवकर परत घे. व्हिडिओवर नको, तिचा चेहरा बघून तू पुन्हा काहीतरी गोलमाल बोलशील. घरच्या बोलीत आवाजाचा निरोप पाठव. "अम्मी, उस दिन मैं रोई नै थी. झूट बोली मैं. खुश थी. तुम्हारी बिर्याणी जैसी नै बनी थी, पन सबने खाई." एवढंच. माफीची लांबण लावू नकोस. ती तो निरोप तीनदा ऐकेल आणि दुसऱ्या दिवशी विचारेल, मसाला कुठला वापरला होतास?

दुपारभर आठवण आली नाही त्याचं काय, असं तू विचारशील. काही नाही. तू वाड्यात, गल्लीत होतीस तेव्हा ईदच्या दुपारी मैत्रिणींच्या घोळक्यात अम्मीची आठवण येत होती का? पोट भरलं, माणसं जमली की कुणाला कुणाची येत नाही.

बकरी ईदला मित्रांना नको म्हणू नकोस. कुर्बानी घरी तुझ्या नावानं होईलच, तिकडं भाड्याच्या फ्लॅटमध्ये ती तुला करता येणार नाही. पण जेवण करा, माणसं बोलवा. यावेळी फक्त क्रम बदल. आधी घरी फोन, मग स्टेटसला फोटो. (आधी स्टेटस ठेवलं होतंस ना? लिहिलं नाहीस, पण मला वाटतं ठेवलं होतंस.) तुझी ईद ६ जूनच्या आसपास येईल, घरची बहुधा पुढच्या दिवशी. त्या दिवशी परभणीत नऊ वाजतात तेव्हा तुझ्याकडं साडेपाच. गजर लाव आणि ऊठ. अब्बू ईदगाहवरून आलेले असतात, बैठकीत पाहुणे असतात. तेव्हा फोन आला की अम्मी तो सगळ्यांना दाखवत फिरते. संध्याकाळी भांड्यांच्या ढिगासमोर आलेला फोन वेगळा. बकरी ईदला कुर्बानीसाठी तीन दिवस असतात. २०२३ साली २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकत्र आली, तेव्हा राज्यात कितीतरी गावांतल्या मुसलमान मंडळींनी कुर्बानी पुढच्या दिवसावर ठेवली. दिवस मागंपुढं करणं आपल्या माणसांना जमतं, तुलाही दोन दिवसांची ईद जमेल.

आणि अम्मीला तिथली काही बातमी दे. रडगाणं नको, बातमी दे. तुर्की दुकानात खजुराला "हुर्मा" म्हणतात, ते तिला सांगितलंस का? आपल्या शिरखुर्म्यातला खुर्मा तोच, आणि शीर म्हणजे दूध. जर्मन लोक रमजान ईदला "साखरेचा सण" म्हणतात. तुझी रूममेट ईदला मोठ्यांचा हात चुंबून कपाळाला लावते, हे अम्मीसमोर एकदा तिला करून दाखवू दे. पुढं आठवडाभर ती शेजारच्या बायकांना हेच सांगेल.

फुप्पीचं सोड. तिला मॉपच्या दांड्याची गुढी खुपली असेल तर तिला आमच्या जुन्या गल्लीत पाठव. समोरच्या खालाकडून ईदला आमच्या आजीसाठी वेगळा डबा यायचा. आजी बाहेरचं शिजवलेलं खायची नाही, म्हणून शेवया, साखर, खारका, चारोळी, खोबरं, सगळं कच्चं, वेगवेगळ्या पुड्यांत बांधलेलं. आजी ते घरी शिजवून "खालाच्या शेवया" म्हणत दोन दिवस पुरवून खायची, आम्हा पोरांना वाटीभरसुद्धा जास्त द्यायची नाही. दिवाळीला त्याच डब्यातून करंज्या जायच्या, कारण रिकामा डबा परत करायची रीत नव्हती. खालाला कुणी बदललीस म्हणाल्याचं मला आठवत नाही. तुझ्या लातूरकर मैत्रिणीनं दांडा तुझाच वापरला, ओढणी तुझीच, तेव्हा पुढच्या पाडव्याला पुरणपोळी मात्र तिच्याकडून वसूल कर.

तुझी,
मावशी

ता. क. शिरखुर्मा का घट्ट झाला ते मला माहीत आहे. सांगणार नाही. अम्मीला विचार.