एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त

प्रश्न : मुलगा 15 वर्षांचा आहे. काही महिन्यांपासून डावी नाकपुडी चोंदलेली, मधूनच भळाभळा रक्त येतं. डॉक्टरांना अँजिओफायब्रोमाची (नाकाच्या मागच्या भागातली गाठ) शंका आहे, पण तपासणीसाठी तुकडा काढायला ते तयार नाहीत. का?

उत्तर : त्यांचं अगदी बरोबर आहे. ही गाठ कर्करोगाची नाही. ती जवळजवळ फक्त वयात येणाऱ्या मुलांनाच होते. पण ती रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते आणि त्या वाहिन्यांच्या भिंतीत आकुंचन पावणारा स्नायूंचा थर नसतो किंवा अगदी तोकडा असतो. चिमटा लावला की रक्त थांबता थांबत नाही. म्हणून निदान दुर्बीण आणि कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिलेलं औषध) देऊन काढलेल्या सीटी-एमआरआयवर करतात. गालाच्या सायनसची मागची भिंत पुढे वाकलेली दिसली, की शंका पक्की होत जाते.

शस्त्रक्रियेच्या साधारण 24 ते 72 तास आधी, बहुधा जांघेतून बारीक नळी घालून, गाठीच्या रक्तवाहिन्या बंद करतात. मग बहुतेक गाठी नाकातूनच निघतात. कवटीच्या तळाच्या हाडात शिरलेला भाग राहिला तर गाठ पुन्हा वाढते. तिथलं हाड ड्रिलने घासणार का, हे सर्जनना जरूर विचारा. नंतरचे एमआरआय चुकवू नका.

शस्त्रक्रिया होईपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन बंद. रक्त आलं तर पुढे वाकून बसवा, नाकाचा मऊ भाग 10 मिनिटं दाबा. रक्त घशात उतरत असेल तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठा.