जुन्या जेटची जवळीक

प्रश्न : माझं तासगावला ट्रॅक्टरचे डिझेल पंप दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. मोबाइलवर सात जेट विमानं एकमेकांना चिकटून कोलांट्या मारताना पाहिली. चेकोस्लोव्हाकियात बनलेली जुनी लष्करी प्रशिक्षण विमानं, आता खासगी संघाकडे, अशी माहिती होती. लष्करानं काढलेल्या विमानात इतकं जवळ उडणं धोक्याचं नाही का? आणि मागचा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : धुराचं आधी सांगतो, कारण ते तुम्हाला लगेच पटेल. तापलेल्या सायलेन्सरवर ऑइल सांडलं की पांढरा धूर निघतो ना, तसंच हे. वेगळ्या टाकीतलं तेल इंजिनाच्या मागे, गरम झोतात सोडतात. त्याची वाफ होते आणि बाहेरच्या थंड हवेत बारीक थेंब बनून पांढरी रेघ उमटते. वैमानिक बटण दाबून ती चालू-बंद करतो. इंजिन ठणठणीत असतं.

तुम्ही पाहिलेली विमानं एल-३९ अल्बाट्रॉस असणार. त्याचं पहिलं उड्डाण नोव्हेंबर 1968 मध्ये झालं आणि पुढे अडीच हजारांहून जास्त विमानं बनली. फ्रान्समधल्या दिजाँचा ब्राइटलिंग जेट टीम हा नागरी संघ अशीच सात विमानं 2019 पर्यंत उडवत होता. त्यातले बहुतेक वैमानिक मूळचे फ्रेंच वायुदलातले.

मी वायुदलात इंजिन फिटर होतो, आता साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. माझी नोकरी किरण या प्रशिक्षण जेट विमानांवर झाली. आपल्या सूर्यकिरण पथकानं 1996 पासून 2011 पर्यंत त्याच किरणवर कसरती केल्या. ते पथक मात्र वायुदलाचं. प्रशिक्षण विमान बनवतानाच धरून चालतात की नवशिका ते आपटून उतरवणार, वेग चुकवणार. म्हणून त्याची चाकं दणकट आणि वागणं सरळ. अल्बाट्रॉसच्या हवा ओढायच्या खिडक्या तर पंखांच्या वर आहेत, म्हणजे कच्च्या धावपट्टीवरचे खडे आत जाण्याची भीती कमी. विमानाचं वय आम्ही सालावर मोजत नाही. किती तास उडालं, कितीदा उतरलं, कुठला भाग कधी बदलला, हे त्याच्या वहीत असतं. ती वही खोटी नसेल तर जुनं विमान मला चालतं.

खरी कसोटी इंजिनाची आहे. टर्बोच्या ट्रॅक्टरला ॲक्सिलरेटर दाबला की जोर यायला क्षणभर लागतो. अल्बाट्रॉसच्या एआय-२५टीएल इंजिनाला अगदी कमी फेऱ्यांवरून पूर्ण जोरावर यायला नऊ ते बारा सेकंद लागतात. शेजारचं विमान दोन-तीन मीटरवर असताना एवढा वेळ कुणाकडे असतो? म्हणून फेऱ्या कधी तळाला जाऊच देत नाहीत. वेग आवरायला एअरब्रेक, म्हणजे हवा अडवणाऱ्या फळ्या, बाहेर काढतात, जोर टिकवून ठेवतात. लीडर, म्हणजे सगळ्यांत पुढचा वैमानिक, हाही स्वतःचा थ्रॉटल (जोर वाढवायचा दांडा) शेवटपर्यंत नेत नाही. त्यानं सगळा जोर वापरला तर मागे पडलेल्याला त्याला गाठायला काय उरणार? उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा चांगला ड्रायव्हर उतार दिसायच्या आधीच गिअर बदलतो, तशी ही सवय असते.

म्हणजे धोका नाही, असं मी म्हणणार नाही. धोका आहे, आणि तो जमिनीवरही असतो. एकदा काम संपल्यावर माझ्या डब्यातला लॉकिंग वायरचा, म्हणजे नट ढिले होऊ नयेत म्हणून बांधायच्या तारेचा, एक तुकडा कमी भरला. बोटभर तार. ती सापडेपर्यंत विमान हललं नाही, आणि सापडली ती इंजिनाच्या खोबणीत. अजून त्या दुपारची आठवण आली की पोटात गोळा येतो. खासगी संघ असो की पथक, संध्याकाळी हत्यारं मोजणारा माणूस कडक नसेल तर त्या विमानाखाली मी उभा राहणार नाही.

व्हिडिओ पुन्हा लावाल तेव्हा लीडर सोडून कडेच्या विमानाकडे बघा. सगळे मिळून वळतात तेव्हा बाहेरच्या कडेवाल्याला सर्वांत लांबचा फेरा पडतो, म्हणून त्याला जोर जास्त लागतो. लीडर रेडिओवर आधी शब्द देतो, मग वळतो. त्या शब्दावरच कडेवाल्याचा हात थ्रॉटलवर पुढे सरकलेला असतो.